लॅमिनेशन केलेली चिठ्ठी

साळवे बाई दुकानात आल्या की आधी पिशवीतून डॉक्टरची चिठ्ठी काढायच्या, पदराने पुसायच्या आणि काउंटरवर अक्षरं माझ्याकडे करून ठेवायच्या. जाफराबादला माझं औषधांचं दुकान आहे. लोकांच्या चिठ्ठ्या माझ्याकडे येतात त्या घामाने भिजलेल्या, घड्यांवर फाटलेल्या, कधी तंबाखूचा वास मारणाऱ्या. बाईंनी मात्र आपल्या चिठ्ठीला लॅमिनेशन करून घेतलं होतं. "कागद फाटला की सांगणं फाटतं," असं त्यांचं म्हणणं. शाळेतले पाढ्यांचे तक्तेही त्यांनी असेच वर्षानुवर्षं टिकवले होते.

मी त्यांचा चौथीतला विद्यार्थी. वर्गात त्यांचा एकच कायदा होता: "मी एकदा सांगणार, दोनदा न्हाई. अन् मलाबी कोणी दोनदा सांगायचं न्हाई. मला एकदाच ऐकू येतं." एकदा फळ्यावरचं भागाकाराचं उत्तर मला चुकलेलं वाटलं. मी हात वर करून सांगितलं. बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, म्हणून पुन्हा सांगितलं, तर मधल्या सुट्टीपर्यंत दाराशी उभं केलं. सुट्टीनंतर पाहतो तर फळा स्वच्छ पुसलेला. त्याविषयी त्या कधी बोलल्या नाहीत आणि मीही पुन्हा त्यांना काही दोनदा सांगितलं नाही.

निवृत्तीनंतर चार वर्षांनी बाई एकदम मंदावल्या. तोंडावर सूज, आवाज घोगरा, दुपारी बसल्या जागी डुलकी. त्यांची सून रंजना त्यांना जालन्याला घेऊन गेली. रक्त तपासलं तेव्हा थायरॉइड कमी निघालं आणि शंभर मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. तीन महिन्यांत बाई पूर्वीसारख्या ताठ चालत दुकानात आल्या. "प्रभाकर, मेलेली बाई उठून बसली रे," म्हणाल्या आणि हसल्या. बाईंना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांनी त्या गोळीचा नेम धरला. पाचला उठायचं, गोळी घ्यायची आणि घड्याळासमोर खुर्ची टाकून बसायचं. गोळीनंतर तासभर पोटात काही जायला नको, म्हणून सहा वाजल्याशिवाय चहाचा घोट नाही. पाहुणा आला तर तोही सहापर्यंत ताटकळायचा. त्यांचे मालक गेले त्या दिवशी घर माणसांनी भरलेलं असताना बाईंनी पाचला गोळी घेतली आणि रंजनाने पुढे केलेला कप हाताने बाजूला सारला. "माणूस गेला म्हणून नेम जात न्हाई," म्हणाल्या. गावात काहींनी नावं ठेवली. मला मात्र अभिमान वाटला, कारण माझी अर्धी गिऱ्हाइकं बरं वाटलं की गोळी बंद करतात आणि वाईट वाटलं की माझ्या नावाने खडे फोडतात.

त्या चिठ्ठीवर तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: दर सहा महिन्यांनी रक्त तपासून दाखवणे. पहिल्या वर्षी बाई दोनदा जाऊन आल्या. मग ते डॉक्टर जालना सोडून गेले आणि जाणं बंद झालं. मी त्या ओळीवर बोट ठेवून म्हणालो, "बाई, तपासणी राहिलीय."

"तब्येत बराबर आहे. बराबर आलेलं गणित कोणी पुन्हा तपासतं का?"

मी हसलो आणि गोळ्यांची बाटली दिली. जुन्या चिठ्ठीवर औषध देऊ नये हे मला चांगलं ठाऊक होतं. पण समोर बाई उभ्या होत्या आणि दुकानात मी पुन्हा चौथीतलाच झालो होतो. बारा वर्षं असंच चाललं.

सत्तरी ओलांडल्यावर बाई वाळत गेल्या. लोक कौतुक करायचे, म्हणायचे, बाईंच्या अंगावर मांस न्हाई पण काम बघा. हात थरथरू लागले. बाई म्हणाल्या, "वय झालं." झोप तीन-चार तासांवर आली, तर "म्हाताऱ्या माणसाला काय करायची झोप?" एकदा दुकानाच्या पायरीवर बसून छातीला हात लावत म्हणाल्या, "हितं कोणीतरी पळून राह्यलंय बघ." मी पाणी दिलं. हे सगळं जास्त झालेल्या गोळीचं असू शकतं, साठीत अंगाला लागलेली मात्रा पंचाहत्तरीत झेपेलच असं नाही, एवढं मला कळत होतं. औषधांचा धंदा करतो मी, किराणा विकत नाही. तरी तोंड उघडलं नाही. पुढच्या वेळी सांगू, असं मनाशी म्हणालो आणि पुढच्या वेळी बाईंनी चिठ्ठी पुसून ठेवली तेव्हा मुकाट्याने बाटली काढली.

गेल्या हिवाळ्यात बाई अंगणात पडल्या. साधंच पडणं, हातातली बादलीसुद्धा सांडली नाही, पण खुबा मोडला. जालन्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि रंजनाला विचारलं, ही मात्रा शेवटची कोणी पाहिली होती? ठोके बेताल झाले होते, हाडं पोकळ झाली होती. इतकी वर्षं गोळी गरजेपेक्षा जास्त जात होती, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. गोळी पन्नासवर आणली, दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासायला सांगितलं. खुब्याचं ऑपरेशन हृदय जरा ताळ्यावर येईपर्यंत लांबलं. झालं, पण बाई पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत.

मी भेटायला गेलो तेव्हा खाट घड्याळासमोर ओढून घेतलेली होती. चिठ्ठी उशाशी होती.

"निम्म्यावर आणलं मला," बाई म्हणाल्या. मग चिठ्ठी माझ्या हातात देऊन तळाच्या ओळीवर बोट टेकवलं. "हे तू वाचलं होतंस?"

"हो, बाई. एकदा बोललोही होतो."

"एकदा." बाईंनी चिठ्ठी परत घेतली. "मंग दुसऱ्यांदा का न्हाई बोललास?"

दारात उभ्या असलेल्या रंजनाने मान फिरवली.

"तुला मीच दाराशी उभं केल्तं," बाई म्हणाल्या. "ते भागाकाराचं उत्तर चुकलंच होतं रे प्रभाकर. तू बराबर होतास. तुम्ही खेळायला गेले अन् मी फळा पुसला. पोरांसमोर म्हणायला पाह्यजे होतं, मला न्हाई जमलं."

मला रडू आलं. बाईंसमोर रडायची ही माझी पहिली वेळ नव्हती, पण त्यांनी "पुस डोळे" म्हटलं नाही ही पहिलीच. मी म्हणालो, बाई, आता मात्रा बरोबर बसेल, दीड महिन्याने तपासू, मी स्वतः गाडी करून नेतो. त्यांनी चिठ्ठी उशाखाली सरकवली. आता तपासून फार काही हाती लागणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

तो दीड महिना पुरा झालाच नाही. एका सकाळी पाचची गोळी घेऊन बाई घड्याळाकडे पाहत पडल्या होत्या. सहाला रंजना चहा घेऊन आली तर अर्धं तोंड वाकडं झालेलं आणि वाचा गेलेली. बेताल हृदयातली गुठळी मेंदूत गेली, डॉक्टर म्हणाले. चौथ्या दिवशी बाई गेल्या.

चिठ्ठी रंजना माझ्याकडेच ठेवून गेली. "दादा, घरात बघवत न्हाई ती," म्हणाली. माझ्याही दुकानात बघवत नाही, पण काउंटरच्या काचेखाली ती ओळ दिसेल अशी लावून ठेवली आहे. आता थायरॉइडची बाटली मागायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो, शेवटची तपासणी कधी केली? परवा एक जण आईसाठी बाटली न्यायला आला. आई अठ्ठ्याहत्तरची. आधी रक्त तपासून घ्या, म्हणालो.

"तब्येत बराबर आहे तिची," तो म्हणाला.

मी पुन्हा सांगितलं. ओळ दाखवली, बाईंचं सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तेव्हा तो वैतागला, "द्यायची तर द्या, न्हाई तर राहू द्या," म्हणाला आणि रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला. तिथं त्याला काही न विचारता बाटली मिळाली. ती पिशवीत टाकून तो माझ्यासमोरून एसटीकडे निघून गेला.