पाद्रीबाबांचं भाकीत

पाद्रीबाब पाद्री नव्हते, शिंपी होते. पण देवाच्या न्यायाविषयी ते इतकं ठासून बोलत की गोव्यातल्या आमच्या सुर्ल्यात हिंदू-ख्रिस्ती सगळ्यांनी त्यांना तेच नाव दिलं. दुकानासमोरून खनिजाचे ट्रक जात, त्यांच्या घरघरीवर आवाज चढवून ते बायबलातल्या जुन्या संदेष्ट्यांविषयी सांगत: गर्वानं फुगलेली नगरं, कड्यावर राहून आम्हांला कोण खाली ओढणार म्हणणारे लोक, आणि मग त्या जागी उरलेली घुबडं. ऐकताना अंगावर काटा येई. तो आलेला त्यांना आवडे, हेही दिसे.

गोवा राज्य झालं त्या सुमारास गावच्या खाणवाल्या भाटकारानं, म्हणजे जमीनदारानं, टेकडीवर बंगला बांधला आणि गृहप्रवेशाचा कोट शिवायला पाद्रीबाबांना बोलावलं. मापं झाल्यावर गच्चीवर नेऊन त्यानं खालची कापलेली तांबडी जमीन दाखवली. हे सगळं माझ्या हिमतीवर, माझ्या शब्दाशिवाय इथला दगड हलत नाही, असं तो म्हणाला. पाद्रीबाबांनी सांगितलं, बाबिलोनचा एक राजा आपल्या गच्चीवरून हेच बोलला होता. शब्द तोंडात असतानाच त्याचं राज्य गेलं आणि तो गुरासारखा गवत खाऊ लागला. भाटकारानं कापड काढून घेतलं आणि त्यांना बाहेरची वाट दाखवली.

तेव्हापासून त्यांचं एकच बोलणं. बंगल्यामागे खाणीतल्या टाकाऊ मातीचा डोंगर वाढत होता. तो सुटेल आणि बंगला घेऊन खाली येईल, असं ते येईल त्याला सांगत. पाऊस लागला की दुकानाच्या पायरीवर उभे राहून वर बघत. "आज ना उद्या," म्हणत.

श्रावणात एका दुपारी माती खरंच सुटली. बंगल्याला वळसा घालून ती पायथ्याच्या झोपड्यांवर गेली. तिथं सावंतवाडीकडून आलेले मजूर राहत. पाद्रीबाबांकडे काजं-बटणं करणारी पार्वती त्या दिवशी तापानं घरीच होती. तिला आणि तिच्या लेकीला बाहेर काढेपर्यंत संध्याकाळ झाली. दोघींत जीव नव्हता. पाद्रीबाब हातांनी चिखल उपसत होते, त्यांची नखं फुटली होती. बंगल्याची काचसुद्धा तडकली नव्हती.

कुणीतरी हळूच म्हणालं, पाद्रीबाब, तुमचं बोलणं खरं झालं. मी शेजारीच उभी होते.

"खरं झालं म्हणू नका," ते म्हणाले. "खाली कोण राहतं ते मला ठाऊक होतं. मी वरच्याविषयी बोलत राहिलो, खालच्यांना सावध करायला गेलो नाही. मला तो पडलेला बघायचा होता. देवानं गर्व तोडायचा तर आधी माझा तोडायला हवा होता, त्या दोघींचा जीव कशाला?"

त्यानंतर संदेष्ट्यांचं नाव त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. मजूर मात्र त्याच पायथ्याशी पुन्हा झोपड्या घालून राहिले. दुसरी जागा कोण देणार? पुढच्या पावसाळ्यापासून आभाळ भरलं की पाद्रीबाब छत्री घेऊन तिकडे जात, एकेका दारात उभे राहून विनवत आणि सगळ्यांना आपल्या घरी आणत. बायका त्यांच्या पडवीत चूल मांडत. पाद्रीबाबांच्याच नात्यागोत्यातल्यांना मजुरांना असं घरात घेणं खपत नसे. ते ऐकून घेत आणि पुन्हा छत्री उचलत.

छातीच्या दुखण्यानं ते एका उन्हाळ्यात गेले. भाटकार मोटारीतून आला, हार घालून गेला.

त्या वर्षी मोठा पाऊस लागला तेव्हा मजूर पोरंबाळं घेऊन, न बोलावता, पाद्रीबाबांच्या घरी आले. दाराला कुलूप होतं. पडवीत पाणी शिरत होतं. आमचं घर शेजारीच, आणि माझी आई सोवळ्याओवळ्याची. त्या माणसांच्या हातचं पाणीही तिनं कधी घेतलं नव्हतं. ती खिडकीतून हे सगळं बघत होती. मग उठून तिनं आमचं दार उघडलं आणि मला चटया काढायला सांगितलं.