न पाहिलेला उत्तरार्ध

२००२ सालचा फुटबॉलचा विश्वचषक जपान-कोरियात होता, त्यामुळे सामने आपल्याकडे दिवसा दिसत. मी तेव्हा रत्नागिरीतल्या एका शाळेत गणित शिकवत होते. धाकटा भाऊ कॉलेजच्या संघात होता. त्याच्यासोबत सामने बघून मला डावपेच कळायला लागले होते. हे कुठूनतरी एका छोट्या दैनिकाच्या संपादकांच्या कानावर गेलं. त्यांच्याकडे क्रिकेटवर लिहिणारे तिघं होते, फुटबॉलवर कुणीच नाही.

"गोल किती झाले ते आम्ही छापतोच. का झाले ते तुम्ही लिहा," ते म्हणाले.

शाळा सुटली की पाचचा सामना बघायचा आणि आठच्या आत मजकूर पोचवायचा. एका संध्याकाळी मध्यंतरातच वीज गेली. ती आली तेव्हा सामना संपला होता. संपादकांनी फोनवर निकाल सांगितला: शेवटी शेवटी गोल होऊन बरोबरी. पूर्वार्धात आघाडीवर असलेला संघ मला दमल्यासारखा वाटला होता. मी लिहून टाकलं की आघाडी राखायला त्यांची बचावफळी मागे मागे सरकली आणि पुढे मोकळी जागा सोडून बसली. लिहिताना हात जराही अडखळला नाही.

दोन दिवसांनी शाळेत एक गृहस्थ भेटायला आले. साठीचे, मूळचे दाभोळचे, जन्मभर मालवाहू बोटींवर इंजिनात काम केलेले. आता लेकीकडे राहत होते. हातात माझ्या लेखाचं कात्रण.

"बाई, हा सामना तुम्ही पुरता बघितलात काय?"

मी म्हटलं, "का हो?"

"ते मागे नाही सरकले. उलट पार मध्यरेषेपर्यंत पुढे आले. दुसऱ्यांचा आक्रमक सारखा त्यांच्या मागे राहून ऑफसाइड सापडत होता. एकदाच सापडला नाही. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि मागे रान मोकळं! आमच्या शेजारच्या हॉटेलात जनरेटर आहे, तिथे बघितलं मी."

माझे कान तापले. "वीज गेली होती. उत्तरार्ध मी पाहिलाच नाही," मी सांगून टाकलं.

त्यांनी कात्रणाची घडी घातली. "मग तसंच लिहायचं होतंत. वीज सगळ्यांचीच जाते."

त्या दिवशीच्या लेखाखाली मी चार ओळींची दुरुस्ती जोडली. संपादक कुरकुरले, "अहो, फुटबॉलची दुरुस्ती कोण वाचणार?" तरी छापली त्यांनी.

पुढच्या रविवारी मी त्या गृहस्थांना घरी सामना बघायला बोलावलं. चहा घेतला, पण बोलले फारसे नाहीत. चेंडू उजवीकडे असला की त्यांची नजर पडद्याच्या डाव्या कडेला. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "चेंडू तर सगळेच बघतात. आता तो कुठे जाणार, ते या बाजूचे लोक सांगतात." मी तसं बघायचा प्रयत्न केला. पहिले दोन गोल चुकले माझे. पडद्यावर जल्लोष सुरू झाला आणि मी भलत्याच खेळाडूकडे बघत बसलेली! ते हसले, पण सवय सोडू नका म्हणाले.

विश्वचषक संपला, माझं सदरही बंद झालं. पावसाळा सरल्यावर ते मुलाकडे मुंबईला गेले. जाण्याआधी शाळेत येऊन पत्ता देऊन गेले. मी दोनदा पत्र लिहिलं. एकाचं उत्तर आलं, सगळं तब्येतीबद्दल.