निळा हातपंप
तैलरंगाचा वास आला की करमाडजवळची माझी शाळा आठवते. तिथल्या हातपंपात सांडपाणी झिरपत असल्याने तो लाल रंगवलेला होता. लाल पंपाचे पाणी प्यायचे नाही, हे मुलांना मीच शिकवले होते. तपासणी जवळ येताच मात्र फाटकाबरोबर तो पंपही मी निळा रंगवून घेतला. दोन दिवसांनी दुसरीतली एक मुलगी तिथे घागर भरताना दिसली. मी ओरडले, तशी ती हसली, “बाई, आता निळा झाला की! काल बी नेलं, आईनं बाळाला पाजलं.” मी तिची घागर तिथेच ओतून दिली. पुढे आठवडाभर मी रोज त्यांच्या घरी जाऊन बाळाचे अंग चाचपत राहिले. बाळ सुखरूप राहिले. त्याची आई अजून म्हणते, “बाईंचा लई जीव आमच्या लेकरावर,” आणि खरे कारण मी अजून सांगितलेले नाही.