बावीस गच्च्यांचा पाऊस

मंदाकिनी सदाशिव पेठेत आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहते. तिच्या पर्समध्ये किल्ल्या, रुमाल आणि वीतभर लांबीची एक पाणसळ असते. गवंडी पातळी बघायला वापरतात तीच, आत बुडबुडा असलेली. कुणाच्या गच्चीवर गेली की ती आधी पाणसळ काढते, मग चहाला हो म्हणते.

फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि नंतर एकोणीस वर्षं घरात होती. चाळिसाव्या वर्षी एका संशोधन संस्थेत, चक्रीवादळांचा अभ्यास करणाऱ्या गटात कंत्राटी सहायक म्हणून लागली. मुलाखतीत कुणीतरी विचारलं, "मधली एकोणीस वर्षं काय केलंत?" ही म्हणाली, "स्वयंपाक. रोज, वेळेवर. आकडे लिहिण्यात मी तेवढीच नियमित राहीन."

तिचं काम काय, ते मला तिने मेथी निवडता निवडता सांगितलं. चक्रीवादळ समुद्रात तयार होतं, आणि भर समुद्रात पाऊस मोजायला भांडं घेऊन कोण उभं राहणार? म्हणून वरून उपग्रह मोजतात. साध्या छायाचित्रात ढगाचा नुसता माथा दिसतो. या उपग्रहांवरची उपकरणं ढगाच्या आत पाहतात: एक लहरी सोडून थेंबांवरून परत काय येतं ते ऐकतं, दुसरं खालून आपोआप येणाऱ्या लहरी टिपतं. त्यावरून कुठे किती पाऊस पडतोय याचा अंदाज बांधतात.

"पण वादळ म्हणजे वारा ना? पाऊस कशाला मोजायचा?" मी विचारलं.

"अगं, वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. तेच वादळाचं इंधन. वादळाच्या डोळ्याच्या, म्हणजे मधल्या शांत भागाच्या, जवळ उंचच उंच ढगांतून जोराचा पाऊस पडायला लागला की वादळ भडकायची शक्यता वाढते. कुठे जाणार हे आता बऱ्यापैकी कळतं. किती भडकणार, ते अजून अवघड आहे. म्हणून पाऊस बघायचा."

अडचण एवढीच, की उपग्रहाचा आकडा हा शेवटी अंदाज. तो बरोबर आहे का, हे जमिनीवरच्या पर्जन्यमापकाशी ताडून बघावं लागतं. वादळ किनाऱ्यावर येऊन घाट चढलं की डोंगरामुळे अंदाज जास्तच चुकू शकतो. मंदाकिनीने वरिष्ठांना सुचवलं, की पुण्यातल्या घरांच्या गच्च्यांवर पर्जन्यमापक बसवू. चार वर्षांपूर्वी दारोदार खपून तिने बावीस घरं गोळा केली. एक आमच्या इमारतीचं, नऊ कसबा पेठेतली, काही सिंहगड रस्त्याची, थेट हडपसरपर्यंत. रोज सकाळी साडेआठला मोजायचं, वहीत लिहायचं, महिन्याला तिला पाठवायचं.

गेल्या मे महिन्यात अरबी समुद्रातलं एक वादळ किनाऱ्याला धडकलं आणि बुधवारी दिवसभर पुण्यावर कोसळलं. सप्टेंबरात त्याचे आकडे तपासायला घेतले; गच्च्यांचे आकडे उपग्रहाशी ताडायची ही पहिलीच वेळ. गुरुवारी सकाळी संपलेल्या चोवीस तासांसाठी उपग्रह म्हणत होता चौऱ्याऐंशी मिलिमीटर. इतर बहुतेक गच्च्या ऐंशीच्या आसपास किंवा त्याहून वर होत्या. कसब्यातल्या नऊ गच्च्या म्हणत होत्या तीन.

अवधूत हा तिचा वरिष्ठ. वयाने तिच्या भाच्याएवढा, पण ती त्याला सरच म्हणते. तो म्हणाला, "मॅडम, दीड किलोमीटरवर ऐंशी आणि तीन? हौशी लोकांचे आकडे हे असेच असणार. कुठली ठिकाणं हिशेबात धरायची, ती यादी शुक्रवारी पक्की करायचीय. सगळ्याच गच्च्या गाळून टाकू."

"सगळ्या?"

"कुठल्या खऱ्या आणि कुठल्या खोट्या हे तुम्ही सांगू शकता का?"

आज नाही सांगू शकत, शुक्रवारी सांगते, असं म्हणून ती उठली. सोमवार होता. एकदा गाळल्या की या गच्च्या पुन्हा कुणी हिशेबात धरणार नव्हतं, हे तिलाही कळत होतं. चार वर्षांचे रोजचे साडेआठ पाण्यात गेले असते.

मंगळवारी सव्वाआठला ती कसब्यात तात्यारावांच्या गच्चीवर हजर. तात्याराव जुने तांबट. पर्जन्यमापकाबरोबर मिळालेलं प्लॅस्टिकचं नरसाळं त्यांना पटलं नव्हतं; ते फेकून त्यांनी तांब्याचं घडवलं होतं. अवधूतला संशय त्या नरसाळ्याचाच होता. मंदाकिनीने पट्टी लावली. मूळ मापात केसाचाही फरक नव्हता. पाणसळ ठेवली. बुडबुडा मधोमध.

"झाली परीक्षा?" तात्याराव म्हणाले. "तोंड उघडून दात दाखवू का?"

रात्री सर येऊन गेली होती. साडेआठला त्यांनी पाणी मोजपात्रात ओतलं, पात्र डोळ्यांच्या रेषेत धरलं, सहा मिलिमीटर. वही उघडली आणि कालच्या तारखेसमोर सहा लिहिलं.

"तात्याराव, आज मंगळवार."

"ठाऊक आहे. पाऊस सोमवारचा आहे."

"पण सगळीकडे पद्धत अशी, की ज्या सकाळी मोजलं त्या तारखेला लिहायचं."

"अहो बाई, काल जेवलेली भाकरी आज पोटात आहे, म्हणून ती आजचं जेवण होते का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं असं लिहायला?"

"कुणी नाही सांगितलं, हीच तर गंमत." त्यांनी वहीत घडी घालून ठेवलेला कागद काढला. सूचनांचा कागद, चार वर्षांपूर्वी मंदाकिनीनेच लिहिलेला. कुठे बसवायचं, किती वाजता मोजायचं, पात्र कसं धरायचं, सगळं होतं. आकडा कुठल्या तारखेला लिहायचा, ते कुठेच नव्हतं. कसब्यातल्या बाकी आठ घरी पर्जन्यमापक बसवून द्यायला तात्याराव स्वतः गेले होते. आपली रीत त्यांनी आठही घरी शिकवली होती आणि आठही घरांनी ती चार वर्षं इमानाने पाळली होती. वादळाचा पाऊस त्यांच्या वह्यांत बुधवारी होता, एक्क्याऐंशी. मंदाकिनी गुरुवारचा रकाना बघत होती.

त्या दिवशी ती माझ्याकडे आली ती चप्पल न काढताच सोफ्यावर बसली. तिच्या बाबतीत ही मोठीच गोष्ट.

"चूक माझी निघाली," ती म्हणाली.

"मग सोपं झालं की! त्या नऊ घरांचे आकडे एक दिवस पुढे सरकव आणि मोकळी हो."

"सोपं झालंय म्हणूनच तसं करायचं नाही. जुळत नाहीत ते सरकवायचे आणि जुळतात ते ठेवायचे, याला तपासणी म्हणतात का? उपग्रहाला विचारून गच्चीचं उत्तर लिहिल्यासारखं होईल. बावीसही घरी जायचं. वही बघायची. कोण कसं लिहितं, ते त्यांच्या तोंडून घ्यायचं. आणि कशासाठी विचारतेय, ते आधी सांगायचं नाही."

"शुक्रवारपर्यंत?"

"डबा दोन दिवस बाहेरून मागवलाय," ती म्हणाली. तिच्या घरी असं कधी होत नाही.

बुधवारी आणि गुरुवारी ती स्कूटरवरून फिरली. प्रत्येक घरी एकच प्रश्न: काल सकाळपासून आज सकाळपर्यंत पडलेला पाऊस तुम्ही कुठल्या तारखेसमोर मांडता? उत्तर लिहून घ्यायचं, वहीचा फोटो काढायचा, पाणसळ ठेवायची. कसब्यातली नऊही घरं आदल्या दिवसाची. सिंहगड रस्त्यावरच्या चारही घरांनी मोजल्या दिवसाची तारीख घातली होती. बाकीचीही तशीच, एक सोडून.

हडपसरला बद्रीनाथ आणि मुक्ताई या नवराबायकोकडे वेगळंच निघालं. तो कारखान्यात पाळीला जायचा, म्हणून दोघं आलटून पालटून मोजायची.

"मी आजची तारीख टाकतो," बद्रीनाथ म्हणाला.

"मी कालची," मुक्ताई म्हणाली.

"चार वर्षं?"

"अहो, मला काय माहीत हे चुकीचं लिहितात!"

"मी चुकीचं? मी?"

वहीत अक्षर दोघांचं सारखंच होतं. कुठला आकडा कुणाचा, हे दोघांनाही सांगता येईना. मंदाकिनीने ते घर यादीतून स्वतःच काढलं.

दुसरं काढलं ते आमचं. आमच्या गच्चीवर मार्चमध्ये पाण्याची नवी टाकी आली, ती पर्जन्यमापकाला अगदी खेटून. वाऱ्याबरोबर तिरपा येणारा पाऊस टाकी अडवत होती. वादळाच्या दिवशी आमचा आकडा सेहेचाळीस होता, तारीख मात्र बरोबर. मोजणारी मी. मी म्हटलं, "अगं, आपली इमारत आहे." ती म्हणाली, "टाकीला ते कळत नाही."

शुक्रवारी तिने अहवाल अवधूतच्या टेबलावर ठेवला. तो वाचायला लागला आणि पहिल्याच ओळीवर थांबला. तिथे लिहिलं होतं: 'मी दिलेल्या सूचनापत्रात तारखेची पद्धत नमूद केलेली नव्हती; त्यामुळे नऊ केंद्रांच्या नोंदी एक दिवस आधीच्या तारखेस आहेत.'

"मॅडम, हे शेवटी टीप म्हणून टाकू या. पहिल्याच ओळीत स्वतःची चूक कशाला?"

"कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे, सर. ती ओळ ज्याने वाचली नाही त्याला आकडे सरकवल्यासारखे वाटतील. तुम्हाला पण वाटले असते."

त्याने मान हलवली आणि पुढे वाचलं. तारखा लावल्यावर कसब्यातल्या गच्च्या एकोणऐंशी ते पंच्याऐंशीमध्ये आल्या होत्या, उपग्रहाच्या आकड्याला लागून. पण डोंगराकडच्या, सिंहगड रस्त्यावरच्या चारही गच्च्या शंभराच्या पुढे होत्या. तिथे उपग्रहाने पाऊस कमी धरला होता. अवधूत त्या पानावर बराच वेळ रेंगाळला. नकाशा उघडून चारही ठिकाणांवर बोट ठेवून पाहिलं.

"हे आपल्याला हवं होतं," तो म्हणाला. "डोंगराजवळ उपग्रहाचा आकडा किती कमी पडतो, ते. या गच्च्या गाळल्या असत्या तर दिसलंच नसतं."

"म्हणजे ठेवायच्या?"

"वीस ठेवू. पहिली ओळ पण तशीच राहू द्या." त्याने यादीत वीसचा आकडा घातला आणि ती पुढे पाठवली. मग म्हणाला, "हडपसरच्या त्यांना सांगा, यापुढे एकानेच मोजा म्हणावं."

"सांगितलं. त्यावरून भांडण झालं."

"मग?"

"आता ती मोजते."