पाणी पिणारा ट्रक

मिस्त्रींना सगळे थंडोबा म्हणत. त्याचा त्यांना राग येत नसे, कारण राग यायलाही त्यांना वेळ लागे. चाळीस वर्षं ट्रक दुरुस्त करणारा हा माणूस पाना हातात घेण्याआधी ट्रकभोवती दोन फेऱ्या मारी, मग स्टुलावर बसून चहा पिई आणि मग तिसरी फेरी मारी. तेवढ्या वेळात शेजारच्या गॅरेजातले अर्धं इंजिन खोलून मोकळे होत. परत जोडताना त्यांचे दोन-चार नट उरत, ती गोष्ट वेगळी.

घरी बायकोचंही मत फारसं चांगलं नव्हतं. स्वयंपाकघरातला नळ तीन महिने टपकत होता आणि मिस्त्री अजून त्याचा अभ्यास करत होते. पण स्वतःच्या भावावर वेळ आली तेव्हा हीच बाई त्याला घेऊन गॅरेजात हजर झाली.

भाऊ म्हणजे मिस्त्रींचा मेहुणा. त्याचा स्वतःचा ट्रक होता, बावीस वर्षांचा, आणि बोलायला लागला की तो स्वतःच तासभर चाले. त्या दिवशी मात्र एका वाक्यात थांबला.

"दाजी, ट्रक पाणी पितोय."

ड्रायव्हर लोकांच्या तोंडचा हा शब्द मिस्त्रींना चांगला ठाऊक होता. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, बाहेर गळलं तर ट्रक पाणी टाकतो. बाहेर थेंब दिसत नाही आणि कूलंटची टाकी मात्र रिकामी होते, तर पितो, म्हणजे इंजिनच्या आतच कुठेतरी जिरवतो. मेहुण्याने दोन गॅरेजांत जाऊन हाच शब्द सांगितला होता आणि दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं होतं: हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, उतरवून इंजिन खोलावं लागेल, आत काय निघेल ते देवालाच ठाऊक.

खरी अडचण हेडची नव्हती, मुलीची होती. मेहुण्याची मुलगी शाळेत शिकवायची. महिन्यापूर्वी ट्रक तापून डोंगरातल्या रस्त्यावर बंद पडला होता, फोनला रेंज नव्हती, आणि बाप पूर्ण दिवस बेपत्ता होता. तो परत आल्यावर तिने त्याच्याकडून शब्द घेतला: इंजिन खोलायची वेळ आली, तर ट्रक भंगारात. भंगारवाला सोमवारी येणार होता. मेहुणा साठीला टेकला होता, आणि ट्रकशिवाय उठून जावं कुठे हे त्याला कळत नव्हतं.

"आणि हा घरी बसला, तर बसणार कुणाच्या घरी?" बायको म्हणाली. "आपल्या."

एवढं ऐकल्यावर थंडोबासुद्धा जरा लगबगीने उठले.

त्यांनी तेलाची पट्टी ओढून पाहिली. पाणी मिसळलं की तेल दुधाळ होतं, हे स्वच्छ काळं होतं. इंजिन चालू करून टाकीत डोकावले, एक बुडबुडा नाही. मागे जाऊन धुराला नाक लावलं, पांढरा लोट नाही, कूलंटचा गोडसर वासही नाही. पिणाऱ्याच्या तोंडाला वास यायलाच हवा, असं त्यांचं साधं गणित होतं. इथे तर ट्रक निर्व्यसनी दिसत होता.

मग त्यांनी केबिन पुढे झुकवली आणि बघतच राहिले. बावीस वर्षांचं इंजिन जेवायच्या ताटासारखं लखलखत होतं. कुठे धूळ नाही, तेलाचा ओघळ नाही.

हे कोण पुसतं, असं त्यांनी विचारताच मेहुण्याची कळी खुलली. रोज पहाटे, किल्ली लावायच्याही आधी, तो इंजिनावर दोन बादल्या पाणी ओतायचा, मग फडक्याने पाइप अन् पाइप पुसायचा. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. तापात असतानासुद्धा पुसलं होतं, हे त्याने दोनदा सांगितलं.

मिस्त्रींनी चहा संपवला, तिसरी फेरी मारली आणि परत येऊन उभे राहिले.

"मेहुणे, अहो तुम्ही रोज पंचनाम्याआधी पुरावा धुऊन टाकताय."

मेहुण्याला काही कळलं नाही. मिस्त्रींनी समजावलं: कूलंट गळून वाळलं की पांढरट हिरवट पापुद्रा धरतं, गळतीचा पत्ता तोच सांगतो. जमिनीवर डाग पडला असेल, तर तो बादलीच्या पाण्यात वाहून गेला. ट्रक पितो हे कुणी पाहिलं नव्हतं. दिसत काही नाही, म्हणून सगळ्यांनी मानलं होतं.

ट्रक शुक्रवारी गॅरेजातच राहिला. मिस्त्रींनी तो तासभर चालवून तापवला आणि टाकीला पंप लावून दाब दिला. गळती असती तर पंपाचा काटा खाली आला असता, पण तो हलला नाही. आधीच्या दोघांनीही दाब गरम इंजिनालाच दिला होता. मग मिस्त्रींनी तो थंड व्हायला सोडून दिला आणि मेहुण्याला बजावलं की फडकं घेऊन आसपास फिरकायचं नाही. त्या माणसाने ती रात्र कशी काढली, हे दुसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीने रंगवून सांगितलं. तान्हं मूल पाळणाघरात ठेवल्यासारखा तो घरात येरझारा घालत होता.

शनिवारी सकाळी चांगलाच गारठा होता. मिस्त्री टॉर्च घेऊन आडवे झाले आणि इंजिनामागे, केबिनच्या हीटरकडे जाणाऱ्या पाइपापाशी त्यांना तो सापडला: एक हिरवा थेंब, क्लिपच्या कडेला लोंबकळणारा. तो खालच्या आडव्या पट्टीवर पडला आणि त्याच्या जागी दुसरा तयार झाला. पाइपाचं रबर कडक झालं होतं. गरम असताना ते फुगून क्लिपमध्ये घट्ट बसायचं, थंड झालं की आकसून रात्रभर गळायचं. आणि पहाटे बादली यायची.

मेहुणाही शेजारी आडवा झाला. थेंबाकडे बघता बघता त्याचा चेहरा उतरला. आपल्याच हाताने ट्रक भंगारात निघाला होता, असं तो हळूच म्हणाला. मिस्त्रींना त्याची दया आली. माया करणाऱ्याला एवढं माफ असतं, असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, आणि हात काळा असल्याने सदऱ्यावर पाच बोटं उठली.

नवा पाइप आणि दोन नव्या क्लिपा बसवून, कूलंट भरून आत अडकलेली हवा काढायला पाऊण तास पुरला. या वेळी दाब थंड इंजिनाला दिला. काटा जागचा हलला नाही.

मुलीचा मात्र नुसत्या सांगण्यावर विश्वास बसेना. तिने भंगारवाल्याला आठवडाभर थांबायला सांगितलं आणि वह्या तपासायच्या लाल पेनाने टाकीवर कूलंटच्या पातळीला रेघ ओढली. त्या आठवड्यात ट्रक डोंगरातून तीनदा जाऊन आला. इंजिन धुवायला बंदी होती.

पुढच्या सोमवारी शाळेत जाता जाता ती गॅरेजात आली. इंजिन थंड होतं. ती वाकली, एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा मिटून पाहिलं. पातळी रेघेला चिकटून होती. तिने तिथेच फोन काढला आणि भंगारवाल्याला येऊ नका म्हणून सांगितलं.

"बाबा, माझं ट्रकशी वैर नव्हतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमचा फोन लागत नव्हता, तेव्हा मी वर्गात एकच धडा दोनदा शिकवला. मुलांनी सांगितलं तेव्हा मला कळलं."

मेहुण्याने खिशातलं फडकं काढून केबिनचं दार आणि पायरी पुसली. मग ती पदर खोचून केबिनमध्ये चढली आणि म्हणाली, शाळेपर्यंत सोडा.

तीस वर्षं ट्रक चालवणाऱ्या त्या माणसाने फाटकापर्यंत जाता जाता इंजिन दोनदा बंद पाडलं. दोष ट्रकचा नव्हता, हे मिस्त्रींना उठून तपासावं लागलं नाही.