साहेबांनी आपटलेलं दार

माझी मामी खोटं पकडायच्या यंत्रावर काम करते. समोरच्याच्या छातीला पट्टा आणि बोटांना तारा लावायच्या, प्रश्न विचारायचे आणि कागदावर धावणाऱ्या रेघांशेजारी बारीक खुणा करायच्या. तो खोकला तर 'खो', हलला तर 'ह', बाहेर आवाज झाला तर 'आ'. खूण असली की तिथली उसळी खोटेपणात धरायची नाही.

परवा चोरी झालेल्या एका गोदामाचा रखवालदार बसला होता. "चोरी तुम्ही केलीत का?" मामीने विचारलं. तो "नाही" म्हणाला आणि नेमकं तेव्हाच मामीच्या साहेबांनी बाहेरचं दार धाडकन आपटलं. रेघ टुणकन उडाली. मामीने 'आ' लिहिला.

संध्याकाळी साहेब तिच्या टेबलाशी आले. ते नाकातून बोलतात, जणू सर्दीच नोकरीला लागलीय. "बाई, तेवढा 'आ' खोडा. रखवालदार आत जाईल, प्रकरण मिटेल."

"दार तुम्ही आपटलंत आणि आत तो जाणार?"

"अहो, एका अक्षराचं काय घेऊन बसलात?"

"मग त्या एका अक्षरासाठी तुम्ही का ताटकळताय?"

साहेबांचं तोंड एवढंसं झालं, तरी ते हटेनात. "आवाज झाला याला पुरावा काय?"

मामीचं डोकंच सणकलं. तिने 'आ'शेजारी ठळक लिहिलं, "दार साहेबांनी आपटले." वेळ टाकली, सही ठोकली आणि पेन त्यांच्यापुढे धरलं. "आता तुमची सही."

साहेबांनी पेनला हात लावला नाही. मामीने तेही लिहिलं, आणि रखवालदाराची तपासणी पुन्हा घ्यायचं पत्र तिथल्या तिथे काढलं.