विराम नको, बंद करा

तनुजा चांदेरे नोकरीला लागली तेव्हा ‘सूरपाटी’ ही कंपनी म्हणजे बाणेरला एका दातांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या होत्या. मोबाईलवर गाणं शिकवणारं ॲप. मालक सलिल स्वतः धडे चित्रित करायचा, आणि ग्राहकाचा फोन आला की जो रिकामा असेल तो उचलायचा. रिकामी बहुधा तनुजाच असे. तिला गाता येत नव्हतं आणि प्रोग्रामिंगही येत नव्हतं. पण बोलता यायचं कुणाशीही. जवळच्या सूस गावात तिच्या वडिलांचा, हिंमतरावांचा दुधाचा धंदा. दूध नासलं म्हणून भल्या पहाटे खेकसणाऱ्या हॉटेलवाल्यांना ती शाळेत असल्यापासून गप्प करत आली होती. ॲप उघडत नाही म्हणून चिडलेला माणूस तिला अगदीच सौम्य वाटायचा.

कंपनी वाढली. काचेच्या इमारतीत अख्खा मजला घेतला, तनुजा ग्राहकसेवेची प्रमुख झाली, जुन्या लोकांच्या नावे थोडे शेअर ठेवले गेले. आणि मग आयपीओचं, म्हणजे कंपनी शेअर बाजारात उतरवण्याचं, वारं सुटलं. जो तो शेअर बाजाराची भाषा बोलायला लागला.

त्याच सुमारास ॲपमधलं ‘वर्गणी बंद करा’ हे बटण नाहीसं झालं. बंद करायचं तर फोन करा. फोन केला की तनुजाच्या लोकांनी तीन महिने मोफत देऊ करायचे. तरीही ऐकलं नाही तर वर्गणी ‘विरामा’त टाकायची. विरामातला माणूस कागदोपत्री चालू सभासदच राहायचा, आणि काही महिन्यांनी त्याच्या खात्यातून आपोआप पैसे कापले जायचे. तनुजानं बैठकीत विरोध केला. “सगळेच करतात गं,” सलिल म्हणाला. तिनं विषय तिथंच सोडला, पण तिला ते पटलं नाही.

एका दुपारी कुणालाच न आवरणारी एक तक्रार तिच्याकडे आली. सदाशिव पेठेतून सुहासिनी आपटे बोलत होत्या.

“अहो, आमच्या ह्यांना जाऊन दीड महिना झाला. त्यांच्या फोनवर रोज संध्याकाळी तुमचा निरोप येतो, ‘गोपाळकृष्णजी, आज रियाज राहिला हं!’ बंद करा म्हटलं, तर तुमची मुलगी म्हणते, तीन महिने मोफत देते. कुणाला देता? तिकडे पोचवायची सोय आहे का तुमच्याकडे?”

तनुजानं लगेच त्यांचं खातं समोर उघडलं. “काकू, माफ करा. मी आत्ता बंद करते.”

“त्यांनी गायलेलं तेवढं मिळेल का हो? बरं नाही गायचे. पण आवाज त्यांचा आहे.”

तिनं ती सगळी गाणी आधी काकूंना पाठवली, मिळाली का विचारलं, आणि मग खातं बंद केलं. कारणाच्या जागी लिहिलं, ‘सभासद वारले.’ खाली स्वतःचं नाव घातलं. मग उठून मजल्याच्या मधोमध उभी राहिली.

“आजपासून जो बंद करा म्हणेल त्याचं बंद करायचं. मोफत नाही, विराम नाही. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा.”

सभासदांचा आकडा घसरायला लागला. आठवड्याच्या आत सलिलनं बोलावलं.

“तनुजा, काय चाललंय? ऐन आयपीओच्या तोंडावर सभासद कमी होतायत!”

“कमी होत नाहीयेत. नव्हतेच ते.”

“आयपीओनंतर कर ना काय करायचं ते. तुझेही शेअर आहेत यात.”

“म्हणूनच सांगतेय. गेलेल्या माणसाच्या वर्गणीवर माझे शेअर वाढायला नकोत.”

“प्लीज, ड्रामा नको.”

“मग एक दिवस आमच्यात येऊन बस. पूर्वी उचलायचास ना फोन? उचल परत.”

तो आला नाही. उलट, बाजारात उतरण्याआधी कंपनीची तपासणी करणारी मंडळी येणार होती त्या दिवशी तनुजानं सुट्टी घ्यावी, असा निरोप आला. त्या दिवशी ती रोजच्यापेक्षा लवकर येऊन आपल्या खुर्चीत बसली.

तपासणीला आलेल्या वल्लरी नावाच्या बाई मजल्यावरून फिरत तिच्यापाशी थांबल्या. “एखाद्याला वर्गणी बंद करायची असेल तर?”

“ॲपमध्येच होतं सगळं,” सलिल घाईनं म्हणाला.

“होत नाही,” तनुजा म्हणाली आणि आपला मोबाईल पुढे केला. “ही माझी स्वतःची वर्गणी. बंद करून दाखवा.”

बाई शोधत राहिल्या. “सापडत नाही,” त्या शेवटी म्हणाल्या.

“सापडणार नाही. काढून टाकलंय.” आणि मग विरामाची सगळी कथा तिनं सलिलच्या देखत, आवाज न चढवता सांगितली.

आयपीओ लांबणीवर पडला. सभासद नव्यानं मोजले गेले, बटण परत आलं. पण मजल्यावर कुणी तिचं कौतुक केलं नाही. शेअरच्या भरवशावर लोकांनी घरं बुक केली होती. दोन खोल्यांपासून बरोबर असलेला अवधूत तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला, “तुझं तत्त्व राहिलं. माझा फ्लॅट गेला.” ते तिला फार लागलं, आणि तरी आपण केलं ते चुकलं असं तिला एकदाही वाटलं नाही.

तिला ‘विशेष प्रकल्प’ दिला गेला. म्हणजे टेबल होतं, काम नव्हतं. तिनं राजीनामा दिला. सलिलनं थांबवून पाहिलं. “कंपनी बाजारात उतरेपर्यंत थांब, शेअर पदरात पडतील. फक्त झालं ते बाहेर बोलायचं नाही, एवढी सही कर.”

“मी बोलणार,” ती म्हणाली. “विचारेल त्याला सांगणार.”

घरी हिंमतराव गोठ्यातून हात धुऊन आले. “सोडलीस? शेअरबी सोडलं?”

“हो.”

“त्या सायबाला तोंडावर बोललीस का माघारी?”

“तोंडावर.”

“मग हाय ते ठीक हाय. जेवून घे.”

मार्केट यार्डातल्या एका वाहतूक कंपनीत तिला तक्रार विभागात नोकरी लागली. पगार कमी, शिव्या जास्त. सूसच्या नव्या टॉवरमधल्या बायका मात्र रविवारी आपापले मोबाईल घेऊन तिच्या दारच्या ओट्यावर यायला लागल्या. कुणाचं सिनेमाचं ॲप, कुणाचं व्यायामाचं, कुणाच्या सुनेनं घेऊन विसरलेलं. तनुजा बँकेची आपोआप पैसे कापण्याची परवानगी कुठून काढायची ते दाखवायची आणि म्हणायची, “आता तुम्ही करा. मी नुसती बसते.”

वर्षभरानं ‘सूरपाटी’ बाजारात उतरली, आणि पहिल्याच दिवशी शेअर चढला. अवधूतचा निरोप आला, ‘बघितलंस?’ तिनं लिहिलं, ‘बघितलं. आता फ्लॅट घे.’ तिला वाईट वाटलं का? वाटलं. किती मिळाले असते याचा हिशेब मनात होऊ नये म्हणून ती स्वयंपाकघरात गेली. तिथं वर्गणी बंद करून घ्यायला आलेल्या शेजारच्या बायडाबाई मोबाईल कानाला लावून घायकुतीला आल्या होत्या. पलीकडून कुणी पोरगा ऑफर सांगत होता.

तनुजानं फोन घेतला. “नको म्हणतायत ना त्या? बंद करा.”

“मॅडम, तसं करायला सीनियरना विचारावं लागेल. वेळ लागेल.”

“विचारा की. आम्ही कुठं निघालोय?”

तिनं फोन स्पीकरवर टाकून स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवला, परात पुढे ओढली आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.